अष्टमी सरेपर्यंत

आमच्या पाठशाळेत अष्टमीला पोथी उघडत नसत. आदल्या संध्याकाळी प्रत्येक विद्यार्थ्याने आपली पोथी तांबड्या रुमालात बांधून गुरूंच्या चौरंगावर ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी अंगण सारवायचे, फुलझाडांना आळी करायची, कपडे धुवायचे. अक्षराकडे मात्र पाहायचे नाही. प्रतिपदा, चतुर्दशी, पौर्णिमा आणि अमावास्या या तिथींनाही हाच नियम होता. या न शिकण्याच्या दिवसाला अनध्याय म्हणतात. तो का पाळायचा हे आम्ही कधी विचारले नाही आणि माझ्या गुरूंनी कधी सांगितले नाही. पाठशाळा सोडताना मी त्यांच्या पायांवर डोके ठेवले, तेव्हा त्यांनी माझ्याकडून दोनच गोष्टी मागून घेतल्या: संध्या चुकवू नये आणि अनध्याय मोडू नये. मी होकार दिला. अष्टमीच्या दिवशी कधी काळी मला परीक्षेला बसावे लागेल, अशी कल्पना त्या वयात येणे शक्यच नव्हते.

पाठशाळेनंतर कर्जतच्या महाविद्यालयात मी कला शाखेच्या पहिल्या वर्षाला नाव घातले. परंतु वडील अंथरुणाला खिळले आणि ते शिक्षण वर्षभरातच सुटले. खालापूरच्या पंचायत समितीत लिपिकाची जागा मिळाली. चौकला घर आणि खालापूरला कार्यालय, एवढ्या रस्त्यावर माझे तारुण्य गेले. माझ्या अक्षराला आणि टिपणी लिहिण्याच्या पद्धतीला तेथे मान होता. गावचा रस्ता, शाळेचे छप्पर, वाडीवरची विहीर, कशाचाही प्रस्ताव आला की साहेब म्हणत, "टिपणी त्यांच्याकडून लिहून घ्या." मी लिहीत असे, आणि खाली 'मान्यतेस्तव सादर' असे लिहून फाईल पुढे करीत असे. त्याखाली सही दुसऱ्याची होई. हे कित्येक वर्षे मला खुपले नाही. पुढे, माझ्या हाताखाली टिपणी लिहायला शिकलेला एक तरुण पदवीच्या बळावर विस्तार अधिकारी झाला आणि माझ्याच टिपणीवर त्याने सही केली, तेव्हा प्रथम खुपले. तो बिचारा अत्यंत नम्र होता. सही करताना "चालेल ना?" असे त्याने मला विचारलेसुद्धा. त्या दिवशी घरी आल्यावर मला जेवण गेले नाही.

वरच्या जागेसाठी पदवी हवी होती, आणि पाठशाळेचे प्रमाणपत्र ही पदवी नव्हे, असे कार्यालयाने मला लेखी कळवले होते. वयाची मर्यादा जवळ येत चालली होती. मी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाला नाव घातले. त्याचे केंद्र, दैवयोगाने, कर्जतच्या त्याच महाविद्यालयात होते. रविवारी वर्ग भरत. ज्या जिन्याने मी विशीच्या आत खाली उतरलो होतो, त्याच जिन्याने केस पांढरे झाल्यावर वर चढलो. मी पुढे निघालो होतो की मागे आलो होतो, हे मला त्या जिन्यावर सांगता आले नसते.

लोकप्रशासन शिकवायला येणाऱ्या बाई माझ्या धाकट्या मुलीहून लहान होत्या. त्या वर्गात आल्या, तेव्हा मी सवयीने उठून उभा राहिलो, हात जोडले आणि पुस्तक कपाळाला लावले. बाकी वर्ग बसूनच होता. बाई गोंधळल्या.

"काका, बसा ना. उभं नका राहू."

"तुम्ही बसल्यावर बसतो."

"मी बसत नाही, उभी राहूनच शिकवते."

यावर काय करावे हे मला कळेना. मी तसाच उभा. शेवटी त्या बिचाऱ्या खुर्चीवर टेकल्या, मग मी बसलो, मग त्या पुन्हा उठल्या. पुढचे काही रविवार आमचे हे असेच चालले. माझ्या शेजारी खालापूर भागातल्याच एक अंगणवाडी सेविका बसत. त्यांना पर्यवेक्षिका व्हायचे होते. भातशेती करणाऱ्या घरातल्या, तोंडाने फटकळ, मनाने निर्मळ. माझ्या कपाळावरचे गंध पाहून त्यांनी पहिल्याच दिवशी माझे नाव 'गुरुजी' ठेवले होते. त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुमी उठताव, त्या बसतात, मग त्या उठतात. ही पीटी कवा संपायची?"

बाईंचे शिकवणे सरळ होते. अधिकार म्हणजे काय, तो कोठून येतो, खालच्या माणसाने वरच्याचा आदेश किती मानावा आणि कोठे थांबून विचारावे, हे त्या इतक्या स्वच्छपणे सांगत की आपण एवढी वर्षे कार्यालयात नुसते हात हलवीत होतो, असे मला वाटू लागले. घरी परतताना मी मनाशी ठरवले की या माझ्या गुरू होत. वय कितीही लहान असो. आणि एकदा त्या गुरू ठरल्या, म्हणजे त्या शिकवतात ती विद्या ठरली. विद्या ठरली की तिला अनध्याय आला. हे इतके ओघाने झाले की त्यात अडचण आहे असे मला त्या वेळी दिसलेच नाही.

मी लोकप्रशासनाचे पुस्तक तांबड्या रुमालात बांधू लागलो. अष्टमी आली की ते देवघराशेजारी ठेवून देई. रविवारी अनध्याय आला तर वर्गाला जाई, परंतु मागे बसे आणि वही उघडत नसे. शेजारच्या सेविका अंगणवाडीतल्या मुलांची खिचडी ढवळताना एका हातात मार्गदर्शिका धरून वाचणाऱ्या. त्या म्हणत, "आज पन पुस्तकाला सुट्टी का? तुमच्या पुस्तकाला सरकारी रजा लागू हाय वाटतं."

खरा प्रश्न माझ्या पत्नीने विचारला. ती भाजी निवडीत होती आणि मी पुस्तक बांधीत होतो.

"अहो, अष्टमीला ऑफिसात फायली वाचता, तेव्हा कुठे जातो तुमचा अनध्याय?"

"फाईल म्हणजे विद्या नव्हे."

"बरं. आणि हे पुस्तक कशावर आहे?"

"कार्यालये कशी चालावीत, फायली कशा चालवाव्यात, यावर."

"म्हणजे फाईल ही विद्या नाही, आणि फायलींवरचं पुस्तक ही विद्या," ती म्हणाली आणि शेंगेची शीर ओढून काढली. "असेल बाई. आम्ही काय पाठशाळेत गेलो नाही."

मी रुमालाची गाठ आणखी घट्ट केली.

शेवटच्या वर्षाचे वेळापत्रक वैशाखात लागले. महाविद्यालयाच्या फलकासमोर उन्हात गर्दी होती. फाटकाशी ठाकूर आदिवासी बायका पळसाच्या द्रोणांतून करवंदे विकत होत्या. लोकप्रशासनाचा पेपर सर्वांत शेवटी होता. ती तारीख मी मनाशी मोजली, आणि खात्रीसाठी पिशवीतले पंचांग काढून पाहिले. अष्टमी.

या पेपरात उत्तीर्ण झालो तर पदवी मिळणार होती, आणि पदवी हाती आली तर त्याच वर्षीच्या बढतीच्या यादीत माझा विचार होणार होता. यानंतर वयाच्या मर्यादेत माझ्यासाठी आणखी एकच यादी उरत होती. सेविकांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी करवंदांचा द्रोण माझ्यापुढे केला.

"अष्टमी असंल नायतर नवमी. तुमाला काय करायचंय? जावा, बसा, लिवा न या."

"मी शब्द दिलेला आहे."

"कुनाला?"

"माझ्या गुरूंना. ते आता नाहीत."

त्यांनी द्रोण खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मंग तर अवघडच हाय. जित्या मानसाला निदान इचारता तरी येतं."

माझे एक गुरुबंधू, माझ्याहून वडील, खालापूरच्या बाजूला एका देवळाची पूजाअर्चा सांभाळून राहत. पाठशाळेत ते माझ्या शेजारी बसत. कार्यालय सुटल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. ते गाभाऱ्यातली निर्माल्याची टोपली रिकामी करीत होते. मी सगळी हकिगत सांगितली आणि विचारले, "परीक्षा हे अध्ययन की अध्ययनाचे फळ?"

ते पायरीवर बसले. "फळच म्हणायला हवं. आणि फळाला अष्टमी नाही. आंबा काय आपण तिथी बघून खातो?"

"म्हणजे लिहू?"

"मी कुठे लिही म्हटलं? लिहिताना तुला आठवावं लागेल. आठवणं म्हणजे आवृत्ती. आवृत्ती म्हणजे अध्ययन."

"मग नको लिहू."

"तसंही मी म्हटलेलं नाही. शिवाय सूर्योदयाला जी तिथी, ती सबंध दिवसाची, असं एक मत आहे. तिथी जितका वेळ असेल तितकाच वेळ अनध्याय, असंही मानणारे आहेत. तू सरकारी नोकर. तारीख सरकारने काढली. सरकारकडे पंचांग नसतं का रे?"

"कॅलेंडर असते. त्यात सुट्ट्या असतात."

"मग झालं तर," ते म्हणाले. पण काय झाले हे त्यांनी सांगितले नाही. मी निघताना त्यांनी हातावर प्रसादाची साखर ठेवली आणि म्हणाले, "मला विचारू नकोस. मी चुकलो तर तुझी बढती बुडेल, आणि बरोबर ठरलो तरी बुडेल."

चौकला परतताना रस्त्यावरच्या गॅरेजांतून वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या. रिक्षात बसल्या बसल्या माझ्या मनात एक तोड आली. माझ्या पंचांगाप्रमाणे अष्टमी त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास संपत होती. पेपर सकाळी अकराला सुरू होणार होता. तिथी असेल तितकाच वेळ अनध्याय, हे मत धरले तर पहिला तास थांबून उरलेल्या वेळात लिहिता येईल. गुरूंचा शब्दही राहील आणि पेपरही होईल. ही तोड मला इतकी समाधानकारक वाटली की ती दोन्हीकडून अपुरी आहे हे माझ्या ध्यानातच आले नाही.

त्या दिवशी मी वेळेवर जाऊन बाकावर बसलो. उत्तरपत्रिका मिळाली. तिच्यावर आसन क्रमांक लिहावा की न लिहावा, येथेच पहिली अडचण उभी राहिली. परंतु अंक लिहिणे म्हणजे विद्या नव्हे असे ठरवून मी तो लिहिला. प्रश्नपत्रिका आली ती मी पालथी ठेवली, तिच्यावर लेखणी ठेवली, आणि हातांची घडी घालून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसलो. आजूबाजूला सगळ्या लेखण्या चालू होत्या. पंखा मात्र वीज गेल्यामुळे बंद होता. मनात उत्तरे येऊ नयेत म्हणून मी नामस्मरण करू लागलो, तर नामाच्या मधून अधिकाराच्या प्रत्यायोजनाचे, म्हणजे तो खालच्या माणसाकडे सोपवण्याचे, मुद्दे ओळीने येऊन उभे राहू लागले. मी त्यांना परत पाठवीत होतो आणि ते पुन्हा येत होते.

पर्यवेक्षक बाहेरच्या महाविद्यालयातून आलेले एक तरुण गृहस्थ होते. ते दोनदा जवळून गेले आणि तिसऱ्यांदा थांबले.

"काका, बरं वाटत नाही का?"

"बरा आहे."

"पेपर अवघड आहे?"

"अजून पाहिला नाही."

त्यांनी पालथ्या प्रश्नपत्रिकेकडे पाहिले. "मग बघा की."

"थोडा थांबलो आहे."

"कशासाठी?"

"अष्टमी संपायची आहे," मी म्हणालो.

ते माझ्याकडे पाहत राहिले. मागच्या बाकावर कोणीतरी हसू दाबले. "पाणी आणू?" त्यांनी विचारले. मी नको म्हटल्यावर ते दाराशी गेले आणि बाहेर कोणाशी तरी हलक्या आवाजात बोलले. थोड्या वेळाने दारात आमच्या बाई आल्या. परीक्षा चालू असताना विद्यार्थ्याशी बोलायची त्यांना मुभा नसावी. त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच माझ्याकडे पाहिले, कपाळाला आठ्या घातल्या, आणि उजव्या हाताची बोटे जुळवून हवेत लिहिल्यासारखी हलवली. त्याचा अर्थ न कळण्यासारखा नव्हता. लिहा, असे त्या सांगत होत्या. मी बसल्या जागेवरून हात जोडले आणि हसून मान हलवली. यांना अष्टमीचे ठाऊक नाही, असे माझ्या मनात आले. त्यांनी पुन्हा तीच खूण केली. मी पुन्हा नमस्कार केला. त्या गेल्या.

पंचांगातली वेळ झाली. मी प्रश्नपत्रिका सुलटी केली, कपाळाला लावली आणि लिहू लागलो. येत सगळेच होते. परंतु माझे अक्षर टिपणीचे, एकेक वळण पुरे करणारे. त्याला घाई ठाऊक नव्हती. शेवटची घंटा झाली तेव्हा माझे दोन प्रश्न कोरे राहिले होते, आणि जो चालू होता त्याचे वाक्य क्रियापदापर्यंत पोचले नव्हते.

बाहेर व्हरांड्यात सेविका माझी वाट पाहत होत्या. झालेली गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"गुरुजी, तासभर नुसतं बसलाव?"

"अष्टमी होती."

"कवापर्यंत?"

मी वेळ सांगितली. त्यांनी पिशवीतून फोन काढला, त्यावर बोट फिरवले आणि माझ्यासमोर धरला. "ह्या बघा. माज्या फोनात पंचांग हाय, चतुर्थी बघाया ठेवलंय. ह्याच्यात तर अष्टमी सकाळीच संपली. पेपर चालू व्हायच्या आदी. तुमी नवमीत बसलाव गुरुजी."

मी चष्मा पुसून पाहिले. तसेच होते. माझे पंचांग जुन्या गणिताचे, माझ्या गुरूंच्या घरी चालणारे. फोनातले नव्या गणिताचे, आकाशातल्या चंद्राशी पडताळलेले. या दोहोंत अष्टमीच्या आसपास बरेच अंतर पडते, हे विद्यार्थिदशेत मी ऐकले होते. ऐकूनही मला त्या दिवशी आठवले नाही. म्हणजे आकाशातला चंद्र अष्टमी ओलांडून गेला होता आणि मी त्याच्यासाठी थांबलो होतो. की गुरूंच्या पंचांगातला चंद्र अजून अष्टमीतच होता, आणि मी थांबलो ते बरोबर होते? मी व्हरांड्याच्या कठड्यावर बसलो. सेविकांना वाटले मला ऊन लागले, त्या कोकम सरबत घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "जाऊ द्या. पिऊन घ्या. ह्याला तिथी नाय."

निकालात बाकीचे सगळे विषय उत्तम होते. लोकप्रशासनात मी नापास झालो होतो. त्या वर्षीची यादी माझ्यावाचून लागली. सेविका उत्तीर्ण झाल्या, त्यांनी घरी येऊन पेढे दिले, आणि माझ्या पत्नीने माझ्याकडे न पाहता ते डब्यात भरून ठेवले. तिने एका शब्दानेही मला टोचले नाही. तिने टोचले असते तर बरे झाले असते, असे वाटत राहिले.

पुन्हा बसण्याचा अर्ज भरायला मी कर्जतला गेलो, तेव्हा बाई कार्यालयाच्या दारातच भेटल्या. त्यांनी मला शिक्षकांच्या खोलीत नेले. मी उभा राहिलो, तशा त्या लगेच खुर्चीवर बसल्या. एवढे आम्ही दोघेही शिकलो होतो.

"काका, मला अष्टमीचं नंतर कळलं," त्या म्हणाल्या. "माझा विषय तुम्ही विद्या मानलात, म्हणून थांबलात?"

"होय."

"आणि मला गुरू मानता."

"मानतो."

त्यांनी टेबलावरचा खडू उचलून पुन्हा खाली ठेवला. "मी दारातून खूण केली होती. तुम्ही पाहिलीत?"

"पाहिली. दोन्ही वेळा."

"कळली होती?"

"कळली. परंतु तुम्हाला अष्टमी ठाऊक नव्हती."

"ठाऊक असती तरी मी तीच खूण केली असती."

त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरोखरच समजून घ्यायचे होते. "तुम्ही तुमच्या मित्राला विचारलंत, आमच्या त्या अंगणवाडीच्या ताईंना विचारलंत. ताई मला म्हणाल्या. मला तेवढं नाही विचारलंत. मग मी कसली गुरू, ते मला कळत नाही, काका."

मलाही कळत नव्हते. गुरूची आज्ञा समोर आल्यावर ती आधी पाळावी आणि मग शंका विचारावी, असे मला लहानपणापासून शिकवलेले. त्या दिवशी एका गुरूचा शब्द राखण्यासाठी मी दुसऱ्या गुरूची आज्ञा हसून, नमस्कार करून बाजूला ठेवली होती; आणि ते मी त्या दुसऱ्या गुरूचा मान राखण्यासाठीच करीत होतो. रुमालाची एक गाठ सोडवावी तो दुसरी बसावी, तसे झाले. मी अर्ज दिला आणि निघालो.

फेरपरीक्षा हिवाळ्यात आली. भातकापणी उरकून शेतांत वाल पेरले होते, आणि सकाळी चौकच्या रस्त्यावर धुके असे. तारीख कळताच मी दोन्ही पंचांगे पाहिली; आता घरात एकाच खिळ्याला दोन टांगलेली होती. प्रतिपदा. या वेळी दोन्ही एकमताची होती, पळवाट नव्हती. मी गुरुबंधूंकडे गेलो नाही. पत्नीला सांगितले नाही. मी बाईंना फोन केला आणि विचारले, "प्रतिपदेला पेपर आहे. लिहू की नको?"

"मी विचार करून सांगते," त्या म्हणाल्या.

त्यांना विचार करावा लागेल असे मला वाटले नव्हते. एकदा हवेत बोटे हलवून ज्यांनी सांगितले होते, त्या आता थांबल्या होत्या. मी दिवस मोजू लागलो. कार्यालयात लोक विचारीत, "यंदा नक्की ना?" आणि मी म्हणे, "अजून कळायचे आहे." मी निकालाविषयी बोलतो आहे असे त्यांना वाटे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला.

"काका, लिहा. पहिल्या घंटेपासून लिहा."

"ही आज्ञा समजू?"

"मला माहीत नाही. मी आजवर कुणाला आज्ञा दिलेली नाही. माझ्या वडिलांना विचारलं, ते म्हणाले तुला कोण विचारतंय ते बघ. मला झोप नीट लागली नाही या प्रश्नाने." मग जरा हलक्या आवाजात, "तुम्हाला हवी असेल तर समजा आज्ञा."

प्रतिपदेच्या सकाळी संध्या झाल्यावर मी देवघरातल्या माझ्या गुरूंच्या तसबिरीसमोर उभा राहिलो. नवीन गुरूंची आज्ञा आहे, असे मी त्यांना सांगितले. आपल्याला दिलेला शब्द आज मोडतो आहे की वाढवतो आहे, हे मला उमगत नाही, असेही सांगितले. तसबिरीतली मुद्रा प्रसन्न होती. पण ती तशीच काढलेली होती. त्यावरून काही ठरवता आले नाही. पुस्तकाचा रुमाल सोडला, तेव्हा पत्नी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. तिने पुढे येऊन दह्याची कवडी हातावर घातली.

घंटा झाली. प्रश्नपत्रिका सुलटीच हातात आली. तरीही क्षणभर हात उठेना. मग दारातली ती जुळवलेली बोटे डोळ्यांपुढे आली आणि मी लिहू लागलो. या वेळी मी अक्षराची वळणे सोडली. माझे ते अक्षर मला ओळखू आले नसते. सगळे प्रश्न झाले, आणि शेवटच्या वाक्याला क्रियापद मिळाले.

मी उत्तीर्ण झालो. उरलेल्या एका यादीत माझे नाव आले. सेवेच्या शेवटच्या काही वर्षांपुरता मी विस्तार अधिकारी झालो, त्याच इमारतीत, जिना चढून वरच्या खोलीत. खुर्चीच्या पाठीवर आधीच्या माणसाचा टॉवेल होता. तो मी घडी करून कपाटात ठेवला.

पहिल्या आठवड्यातच डोंगराकडच्या एका वाडीवरच्या अंगणवाडीच्या छपराची फाईल आली. फाईलबरोबर त्या भागाच्या नव्या पर्यवेक्षिकाही आल्या. त्या म्हणजे आमच्या वर्गातल्या सेविकाच. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, खुर्चीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"बसा," मी म्हणालो.

"तुमी बसल्यावर बसते," त्या म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावला.

मी फाईल वाचली. टिपणी खालच्या मजल्यावरच्या एका नव्या लिपिकाने लिहिली होती. चांगली होती, एक वाक्य मोठे झाले होते. त्याखाली 'मान्यतेस्तव सादर' असे होते आणि त्याखाली जागा मोकळी होती. मी लेखणी उघडली.

"गुरुजी," त्या हळूच म्हणाल्या, "आज अष्टमी नाय ना?"

त्यांनी थट्टेने विचारले होते. परंतु मी खरोखरच भिंतीकडे पाहिले. तेथे कार्यालयाचे कॅलेंडर होते, तिथी लहान अक्षरांत छापलेल्या. चष्मा लावून वाचल्या तर सप्तमी संपून दुपारी अष्टमी लागत होती. दुपार झाली होती की नाही हे मी घड्याळात पाहू शकलो असतो. पण ते कॅलेंडर जुन्या गणिताचे की नव्या गणिताचे, हे त्यावर कोठेही लिहिलेले नव्हते; आणि सही करणे हे अध्ययनात मोडते की नाही, हे मी आजवर कोणत्याच गुरूला विचारलेले नव्हते.

"छपार गळतंय, गुरुजी," त्या म्हणाल्या, आता थट्टा सोडून.

मी सही केली. ती पुरती वाळेपर्यंत आम्ही दोघेही तिच्याकडे पाहत बसलो.